राग आला की मी पडत असे

वर्तमानपत्रात माझा फोटो एकदाच छापून आला. त्यात मी झोपलेली आहे.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंबाच्या खोडाला पाठ टेकून. मांडीवर पंचनाम्याचे कागद, हातात उघडं पेन, तोंडही उघडं. भोवती सहा शेतकरी घोटाभर चिखलात उभे आहेत आणि माझ्याकडे बघताहेत. वर ठळक मथळा होता, ‘शेतकरी चिखलात, तलाठी झोपेत’.

तलाठी म्हणजे मी, करुणा. वय तेव्हा एकतीस. अमरावती जिल्ह्यातल्या चार गावांचा कारभार माझ्याकडे होता. फोटो आला त्या दिवशी मला काय झालंय हे मलाही ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षापासून मी आजारी होते आणि सोळा वर्षं घरच्या-दारच्यांनी त्या आजाराला एकच नाव दिलं होतं. आळस.

मी बरी होऊन हे लिहीत नाही. हा आजार बरा होत नाही, ताब्यात राहतो. शांत होऊनही लिहीत नाही. आधी राग सोड, मग लिही, असं पुष्कळांनी सांगितलं. राग सोडला असता तर लिहिलंच नसतं. ज्या घरात एखाद्या पोरीला ‘निरी झोपते’, नुसती झोपते, म्हणून रोज बोल बसतात, त्या घरानं हे वाचावं.

उभी राहून वाच

माझे बाबा रेल्वेत गेटमन होते. चांदूर रेल्वेच्या अलीकडच्या एका फाटकावर त्यांची बहुतेक नोकरी गेली. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. रातपाळी करून आले की खिडकीला चादर लावून झोपायचे आणि आम्ही घरात कुजबुजत बोलायचो. झोप बाबांची, हे ठरलेलं होतं. ती त्यांची कमाई होती.

मी नववीत असताना वर्गात माझे डोळे मिटायला लागले. कंटाळ्यानं नव्हे, आवडत्या विषयातसुद्धा. वही बघावी तर अर्ध्या ओळीनंतर अक्षरं घसरत खाली गेलेली असायची. विज्ञानाच्या वहीत, पानाच्या मधोमध, माझ्याच अक्षरात एकदा सापडलं, ‘बैल पाण्यात बसला’. मी लिहिता लिहिता स्वप्न बघत होते आणि हात ते उतरवून घेत होता.

दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात झोपले. मास्तरांनी हलवून उठवलं तेव्हा अर्धाच तास उरला होता. ही बातमी माझ्या आधी घरी पोचली.

“मी रात-रात गेटावर जागलो,” बाबा म्हणाले. “एक डाव डोया लागला नाही. आन तू भर दिवसा, परीक्षेत झोपते?”

“मी मुद्दाम नाही झोपली, बाबा.”

“मंग कोन झोपलं? शेजारची?”

मग आवाज खाली आणून ते जे बोलले, ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. “आपल्या समाजाले झोपाची मुभा नाही, करुणा. तुया आजानं दुसऱ्याच्या वावरात जिंदगी काढली. घरात शिकनारी तू पयली. पयलीच झोपली तं मागच्यानं काय करावं?”

त्या दिवसापासून मला उभं राहून अभ्यास करायला लावलं. भिंतीला टेकायचं नाही. मी उभ्या उभ्या झोपले आणि पडले. हनुवटीला तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरनंही विचारलं नाही की धडधाकट पोरगी उभ्या जागी पडली कशी.

नीट बघितलं एकीनं. नसरीन माझ्या बाकावरची. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. हिंदीच्या सरांची नक्कल करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सरांनी तपासायला घरी नेलेले पेपर बकरीनं खाल्ले, तर दुसऱ्या दिवशी सर नाकात बोलत वर्गाला म्हणाले, ‘तुमसे तो बकरी अच्छी. उसने हजम तो किया.’ मधल्या सुट्टीत नसरीननं हे करून दाखवलं आणि मी हसले. हसता हसता माझे गुडघे गेले. मान लुळी, जबडा लुळा, मी मातीत आडवी. मुली किंचाळल्या. मला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं, फक्त बोट हलत नव्हतं. अर्ध्या मिनिटानं उठून बसले.

नसरीन माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “तू बेहोश नाही झाली. तू मेरे कू देख रही थी. मी पाह्यलं.”

त्यानंतर काही गमतीचं सांगायचं असलं की ती आधी म्हणायची, “थांब. पहिले ओट्यावर बस. मग सांगते.” पंधरा वर्षांच्या पोरीनं दोन दिवसांत जे ताडलं, ते शिकलेल्या डॉक्टरांना सोळा वर्षं कळलं नाही. त्यांनी विचारलंच नाही.

मिर्गी

अमरावतीच्या पहिल्या डॉक्टरनं बाबांना विचारलं, “पडते?” बाबा म्हणाले, “पडते.” डॉक्टर म्हणाला, “मिर्गी.” झाली तपासणी.

मिर्गीच्या खऱ्या रुग्णाला त्या गोळ्या आधार असतील. मला त्यांनी आणखी झोपवलं. मग बाबा मला दुसऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. तिसऱ्यानं माझ्यासमोर बाबांना सांगितलं, “लग्न करून द्या, मन रमेल.” पडताना ती शुद्धीत असते का, हा एवढा एक प्रश्न. विचारायला किती वेळ लागतो?

आणि कुणाला हेही माहीत नव्हतं की मी रात्री झोपत नव्हते. झोपाळू माणूस रात्री ढाराढूर झोपत असेल असं सगळ्यांना वाटतं. मी रात्रीतून पाच-सहा वेळा जागी व्हायची. जाग आल्यावर अंग हलायचं नाही आणि दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं दिसायचं. शाळेत असताना बाबांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, असं काही नसते. पुढे लग्नानंतर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाहेरचं आहे. त्यानंतर सांगणं बंद केलं.

तरी मी शिकले. पंधरा मिनिटं झोपले की पुढचे दोन तास डोकं लख्ख राहतं, हे मी माझं मीच शोधून काढलं होतं. तलाठ्याच्या परीक्षेला केंद्राच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, वर्तमानपत्र अंथरून झोपले. उठून पेपर दिला. पास झाले. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. त्या दिवशी ते झोपेबद्दल काही बोलले नाहीत.

लग्न अमरावतीत झालं. प्रकाश कॉलेजात क्लार्क. त्यांना मिर्गीचं सांगितलं नाही. बाबांनी लपवलं, आणि मीही लपवलं. यात मी निर्दोष नाही. गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवत होते.

मग प्रज्ञा झाली. जे कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं ते इथे लिहिते. बाळ रडलं तर मला काही होत नसे. बाळ हसलं की मी हसायची, आणि मी हसले की माझे हात सुटायचे. ती चार महिन्यांची असताना माझ्या हातातून घरंगळली. खाली गादी होती म्हणून निभावलं. त्यानंतर मी तिच्याशी खेळणं सोडलं. ती बोळकं पसरून हसायची तेव्हा मी भिंतीकडे बघायची. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “पोरीची माया नाही इले.”

बारा मिनिटं

त्या वर्षांत आमच्या खात्याच्या माणसाला फास घेतलेल्या शेतकऱ्याच्या घरी काय लिहून घ्यायला जावं लागत होतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आठवड्याला एक सरकारी पाहणी पथक यायचं. तेच प्रश्न, तेच तक्ते. पथक गेलं की आम्ही मागे उरायचो आणि लोकांचं ऐकून घ्यायचो.

त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडावर असताना पाऊस कोसळला. वावरांत पाणी साचलं, बोंडं काळी पडली. तीन दिवस मी पंचनामे करत चिखलात पायी फिरत होते. चौथ्या दिवशी सकाळी सहाला सुरुवात केली. दुपारी धोंडूकाका नावाचे म्हातारे शेतकरी म्हणाले, “बाई, घडीभर बसा. पाय पाहा तुमचे.”

मी बसले. पुढचा गट नंबर लिहायला पेन उघडलं, आणि संपलं.

मी बारा मिनिटं झोपले. हे मला नंतर धोंडूकाकांनी सांगितलं, त्यांच्या हातात घड्याळ होतं. त्या बारा मिनिटांत पथकाच्या गाड्या आल्या. साहेबांनी काचेतूनच वावर पाहिलं आणि गाड्या पुढे गेल्या. एकाचाही बूट चिखलाला लागला नाही. त्यांच्यामागून आलेल्या फोटोवाल्यानं फोटो काढला, तो माझा.

धोंडूकाका त्याला म्हणाले होते, “बाई सकायपासून आमच्या संग चिखलात हाय, हे बी लिहा.” ते त्यानं लिहिलं नाही.

शेतकऱ्यांचा राग खरा होता. ज्याचं वर्ष मातीत गेलं त्यानं कुणावर तरी चिडायचं नाही तर काय करायचं? पण तो राग बंद काचेपर्यंत पोचत नव्हता. माझ्यापर्यंत पोचणं सोपं होतं. मी झाडाखाली होते आणि झोपलेली होते.

नाटक

दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये तहसीलदार साहेबांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर टेबलावर टाकलं. खोलीत सात-आठ जण होते.

“वाचा. मोठ्यानं वाचा.”

“साहेब, मी आजारी आहे.”

“कोणता आजार?”

“मिर्गी.” इतक्या वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा चारचौघांत उच्चारला.

“मिर्गीवाल्याच्या तोंडाला फेस येतो, मॅडम. तुम्ही तर मस्त झोपला होता.” आणि ते हसले. ते हसले म्हणून सगळे हसले.

मला राग आला. आयुष्यभराचा राग. मी तोंड उघडलं. पहिला शब्द निघायच्या आत जबडा लोंबला, मान गेली, गुडघे गेले. मी टेबलाची कड धरायला गेले आणि वर्तमानपत्रासकट खाली आले.

फरशीवर पडून मी ऐकत होते. “नौटंकी हाय.” “पाणी मारा.” “बाईमाणूस हाय, हात नका लावू.” आणि मग कुणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली. मिर्गीवर हा उपाय करतात. चप्पल कुणाची होती हे मला माहीत आहे, कारण माझे डोळे अर्धे उघडे होते. तो माणूस अजून नोकरीत आहे. भेटला की नमस्कार करतो.

बाकीच्यांना राग आला की ते उठून उभे राहतात. मला राग आला की मी पडत असे. सोळा वर्षांत मी एक भांडण शेवटपर्यंत भांडले नव्हते. चिडायची वेळ आली की मी गप्प बसायची, मनातल्या मनात पाढे म्हणायची. आणि लोक म्हणायचे, करुणा स्वभावानं किती गरीब आहे!

त्याच आठवड्यात निलंबनाचा आदेश आला. फोटोची लाज वाटून प्रकाश दोन दिवस कॉलेजात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या सापडल्या.

“हे काय आहे? तुम्ही बाप-लेकीनं मले फसवलं?”

मी आधी जमिनीवर बसले, मग भांडले. पडायची भीती नसली की थोडं तरी बोलता येतं. अर्धं बोलले, अर्ध्यात मान कलंडली. ते घाबरून मागे सरले. प्रज्ञा दारात उभी राहून बघत होती. चार वर्षांची होती तेव्हा.

बकरीची गोष्ट

नसरीन लग्न होऊन अकोल्याला गेली होती, तिथल्या उर्दू शाळेत शिकवत होती. फोटो पाहून पहिल्या एसटीनं आली. घरात पाय ठेवल्या ठेवल्या प्रकाशला म्हणाली, “भाईजान, हिला मिर्गी नाही. मी हिला हजार बार गिरते पाह्यलंय. हिचे डोळे जागे राहतात. अकोल्यात मेंदूच्या डॉक्टर आहेत. तुम्ही चला, नाही तर मी घेऊन जाते.”

प्रकाश आले. बाबाही चांदूरहून आले. बोलावलं नव्हतं, तरी आले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी जुनी चिठ्ठी बाजूला सारली आणि विचारलं, “पडता तेव्हा ऐकू येतं?”

“येतं.”

“हसल्यावर होतं का?”

माझ्या आधी नसरीन बोलली. “डॉक्टर, दाखवू?”

आणि त्या दवाखान्यात, बाहेर पन्नास पेशंट ताटकळत असताना, माझ्या मैत्रिणीनं नाकात बोलणाऱ्या सरांचा आवाज काढून बकरीची गोष्ट सांगितली. मी कितीदा तरी ऐकलेली होती. मी हसले आणि खुर्चीवरून घसरले. डोकं फरशीवर आपटणार तोच प्रकाशनी हात खाली घातला. डॉक्टर झटकन उठल्या, छोटी हातोडी घेतली आणि माझ्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. हलला नाही. मिनिटभरानं मी उठून बसले, पुन्हा मारली. पाय उडाला.

“किती वर्षं झाली?” त्यांनी विचारलं.

“सोळा.”

त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “कुणी हातोडीसुद्धा मारून बघितली नाही?”

रोगाचं नाव नार्कोलेप्सी. मला ते चिठ्ठीवर तीनदा वाचावं लागलं. नाव कळलं की हायसं वाटतं असं म्हणतात. मला हायसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी नसरीनच्या घरी मी तिच्या पलंगावर उशीत तोंड खुपसून ओरडले. पलंगावर, कारण तिथून पडायला जागा नव्हती.

खात्रीसाठी नागपूरला एका रुग्णालयात पाठवलं. रात्रभर डोक्याला चिकट लेप लावून वायरी जोडल्या. खरी तपासणी दुसऱ्या दिवशी होती. दर दोन तासांनी एक ताई यायची, पडदा ओढायची आणि म्हणायची, “झोपा.” असं दिवसभरात पाच वेळा. आयुष्यभर ज्याच्यासाठी मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, ते मला काम म्हणून सांगितलं जात होतं. पाचही वेळा मी दोन-तीन मिनिटांत झोपले. आणि लगेच स्वप्नात गेले, जिथं इतर माणसं तासा-दीड तासानं पोचतात.

त्या ताईनं वायरी काढताना मला केस धुवायला गरम पाणी दिलं आणि लेप सुटेना तर स्वतः बसून धुऊन दिले. कुठलीच बाई आळशी म्हणून इथं येत नाही, असं ती म्हणाली. त्या सगळ्या दिवसांत मी एकदाच रडले, तेव्हा.

बाबा

अहवाल घेऊन आम्ही परत अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. प्रत्येकाच्या मेंदूत काही मूठभर पेशी असतात, त्या माणसाला जागं धरून ठेवणारा एक पदार्थ तयार करतात. माझ्या त्या पेशी पंधराव्या वर्षाच्या आसपास मेल्या. म्हणून दिवसा झोप फुटून येते आणि रात्री झोप टिकत नाही. स्वप्न बघताना सगळ्यांचंच अंग लुळं पडतं, नाही तर आपण झोपेत धावत सुटलो असतो. माझं ते लुळेपण जागेपणी येतं, हसले की, चिडले की.

बाबांनी एकच विचारलं. “मंग हे तिच्या हातात नव्हतं?”

“नव्हतं.”

“जोर लावला असता तरी?”

“काका, तुटलेल्या पायावर जोर लावून कुणी चालतं का?”

बाबा उठून बाहेर गेले.

अकोल्याच्या बसस्टँडवर आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. प्रकाश तिकिटाची चौकशी करायला गेले होते. बाबा समोर बघत म्हणाले, “मी एकदा झोपलो व्हतो.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“गेटावर. फोन वाजला तो आयकूच नाही आला. गेट उघडं राह्यलं. मालगाडी आली आन एक बैलबंडी रुयावर व्हती. ड्रायव्हरनं शिट्टी मारली, बैल बिचकून पार झाले. कोनाले काही झालं नाही. कोनाले समजलंबी नाही. तू पोटात व्हती तवा.” मग थोड्या वेळानं, “तू झोपली का मले ते बैल दिसत. वाटे, माहंच पाप तुया डोयात उतरलं.”

इथं मुलीनं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असेल. मी ठेवलं नाही. मी म्हणाले, “तुमी एकदा झोपले आन कोनी पाह्यलं नाही. मले तुमी सोळा वर्सं उभं ठेवलं.”

गोळ्या नागपूरहूनच सुरू केल्या होत्या, त्याला तेव्हा दोनच आठवडे झाले होते. मान थरथरली, पण बोलणं पुरं झालं. बाबांनी माझी पिशवी उचलली आणि एसटीपर्यंत नेली. ते पुढे चार वर्षं जगले. दर महिन्याला गोळ्या आणायला तेच अकोल्याला जायचे, कारण अमरावतीत मिळत नव्हत्या. माफी त्यांनी मागितली नाही. गोळ्या मात्र एकदाही चुकवल्या नाहीत. मी त्यांना माफ केलं का? काही दिवशी केलं आहे, काही दिवशी नाही.

कागद वाचा

चौकशी वर्षभर चालली. चौकशी अधिकारी प्रमाणपत्र बघून म्हणाले, “झोपेचा रोग? तो तर मलाही आहे, जेवल्यावर.” खोलीत पुन्हा हसू पिकलं.

मी उभी होते. “साहेब, हसून झालं असेल तर कागद वाचा,” मी म्हणाले. “नंतर मला लेखी कळवा की जेवल्यावर तुमचे गुडघे जातात का.” एवढं लांब वाक्य रागात मी पहिल्यांदा पूर्ण केलं. प्रकाश दाराशी होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “तू एवढी भांडखोर असशील असं मले वाटलं नव्हतं.” त्यांच्या आवाजात काळजी होती आणि थोडं कौतुकही होतं. अजूनही कधी वैतागले की म्हणतात, “झोप मंग.” मी त्यांना उत्तर देते. आमची भांडणं आता पूर्ण होतात.

नोकरी परत मिळाली. गावं काढून घेतली आणि रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. शिक्षाच होती, पण मला सोयीची पडली. दिवसातून दोनदा वीस मिनिटं मी फायलींच्या मागे चटईवर झोपते, तशी लेखी परवानगी भांडून घेतली आहे. त्या खोलीला सगळे ‘बाईचं बेडरूम’ म्हणतात. त्या बेडरूममधून मागितलेला जुना सातबारा दहा मिनिटांत बाहेर येतो. इतर टेबलांवर जागी माणसं बसतात, तिथं किती दिवस लागतात ते लोकांना विचारा.

मोपेड मी विकली. सोळा वर्षांतली आठ मी त्या गाडीवर चार गावं फिरले, दोनदा नालीत गेले, आणि एकाही डॉक्टरनं ‘गाडी चालवता का’ असं विचारलं नव्हतं. माझ्या चाकाखाली कुणाचं लेकरू आलं असतं तर?

गोळ्यांबद्दल एकच सांगते. मनानं बंद करू नका. एकदा दुकानात नव्हत्या म्हणून चार दिवस खाडा झाला आणि मी एका दिवसात दहा वेळा पडले. आता घरात महिनाभराच्या जास्तीच्या असतात, डब्यात नाही, उघड्यावर, देवळीत.

प्रज्ञा आता मोठी झाली आहे. ती पाच वर्षांची असताना, गोळ्या लागू पडल्यावर, तिला मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा पोट धरून हसले. ती कशानं तरी खिदळत होती. ती मध्येच थांबली आणि तिनं दोन्ही हातांनी माझी मान धरली, पडू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी त्या पहिल्या डॉक्टरला कधीही सोडणार नाही.

धारणीची पोरगी

मागच्या पावसाळ्यानंतर रेकॉर्ड रूमच्या दारात एक बाई आली. जुना कागद हवा असेल असं वाटलं. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती, मान खाली घातलेली. धारणीकडच्या एका गावातून जीप, मग दोन एसट्या बदलून आल्या होत्या. त्यांच्या गावच्या नर्सबाईला माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं होतं.

“निरी झोपते हे,” आई म्हणाली. “आश्रमशाळेतून काढून देलं. मास्तर म्हणे, नाटकं करते.”

मुलीच्या पापण्या लाल, सुजलेल्या होत्या. मी विचारलं, हे काय?

आई मग म्हणाली, “मिरची लावली व्हती. कोनी सांगतलं. म्या काय करू बाई, मले मजुरीले जा लागते, हे चुलीजवय झोपते. एखांद्या दिवशी जयून मरन.”

मला त्या बाईच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी तिला बसायला खुर्चीही द्यावीशी वाटली. खुर्ची दिली. मग मुलीसमोर खाली बसले, तिला माझं तोंड दिसेल अशी.

“हसू आलं का पाय जातात तुये?”

तिनं मान वर केली.

“आन पडल्यावर सगळं आयकू येते?”

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हो,” ती म्हणाली. “सगळं आयकू येते. शिव्याबी.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दोघींना अकोल्याच्या एसटीत बसवलं आणि स्वतःही बसले. मुलगी खिडकीशी. अमरावती सुटायच्या आत ती माझ्या दंडावर कलंडली. आईचा हात सवयीनं तिला चिमटा काढायला पुढे आला. मी तो धरला आणि खाली ठेवला. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, बिमार हाय का? मी म्हणाले, हो, बिमार आहे.

मुलीला मूर्तिजापूरच्या पुढे जाग आली. ती दचकून सरळ बसली, आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. गालावर माझ्या बाहीची घडी उमटली होती.

“मी झोपली व्हती?” तिनं विचारलं. “मले काहून नाही उठवलं?”

“तुले झोप आली व्हती म्हणून.”

मी तिची टिंगल करतेय का, हे ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून ठरवत राहिली.